साऱ्यांचा नकाशा

वऱ्हाडातील एखाद्या खेड्यात परक्या माणसाने वाट विचारली, तर पारावर बसलेला म्हातारा शेतकरी हातातील काठी उचलून सांगतो, "या पांधनीनं सरका जाय बापू. पुढं निंबाचं मोठं झाड लागन. तेथून नाल्यानाल्यानं गेला का गाव आलंच समज." या दोनचार वाक्यांत एक नकाशाच सामावलेला असतो. कोणती पांदण पावसाळ्यात चिखलाने बंद होते, कोणत्या विहिरीचे पाणी गोडे व कोणत्या विहिरीचे खारे, पूर आला असता नाला कोठून ओलांडू नये, हे सारे त्या वृद्धाला ठाऊक असते. कागदावर मात्र त्यातील पुष्कळसे कोठेच नसते. तो म्हातारा आहे तोवर ते ज्ञान गावात आहे; त्याच्यामागे ते राहीलच, अशी शाश्वती नाही.

असे एकेकट्या माणसापाशी विखुरलेले ज्ञान एकत्र कसे करावे आणि ते साऱ्यांच्या उपयोगी कसे पडावे? जगातील असंख्य माणसांनी गेल्या वीस वर्षांत या प्रश्नाचे एक उत्तर शोधून काढले आहे. कोणीही ज्यात भर घालावी आणि कोणीही ज्याचा उपयोग करावा असा मुक्त नकाशा, हे ते उत्तर होय.

पूर्वी नकाशा काढणे हे सामान्य माणसाच्या आवाक्यातील काम नव्हते. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ साली झाली. १८०२ साली विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ एक सरळ रेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजली आणि देशाच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला. या सर्वेक्षणाची रीत मोठी सुंदर होती. मोजलेल्या रेषेच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एका खुणेचे कोन घ्यावयाचे आणि त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बाजू गणिताने काढावयाच्या. मग त्या बाजूंवर दुसरा त्रिकोण रचावयाचा, त्यावर तिसरा. कोन मोजण्याचे यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचे होते. ते टेकड्यांच्या माथ्यावर चढविणाऱ्या, जंगलांत हिवतापाने आजारी पडणाऱ्या खलाशांची नावे इतिहासाने लिहून ठेवली नाहीत.

त्रिकोणांची ही साखळी दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत वऱ्हाडापर्यंत आली. अमरावतीच्या थोडे पूर्वेकडून ७८ अंशांचे रेखावृत्त जाते, त्याच्या आसपास ती पुढे निघाली होती. लॅम्बटन मात्र ती पूर्ण झालेली पाहू शकला नाही. नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. त्याचे काम जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. याच सर्वेक्षणाच्या आधारे १८५२ साली राधानाथ सिकदार यांनी जगातील सर्वांत उंच शिखर गणिताने ओळखले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूमापकांनी साखळी घेऊन वऱ्हाडातील शेतन् शेत मोजले व गावोगावचे नकाशे तयार केले.

हे सारे कार्य थोर होते, यात शंका नाही. परंतु त्यात दोन उणिवा राहिल्या. नकाशे कचेरीच्या कपाटात राहिले, आणि एकदा काढलेला नकाशा लवकर बदलत नसे. गाव मात्र बदलतच असते. २०२२ सालच्या जून महिन्यात अमरावती व अकोला या जिल्ह्यांच्या दरम्यान लोणी ते माना हा ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा अवघ्या १०५ तास ३३ मिनिटांत तयार झाला आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. रस्ता पाच दिवसांत होतो. नकाशा मात्र त्यासाठी वर्षानुवर्षे थांबला, तर त्याचा उपयोग काय?

कपाटातील नकाशांची अडचण केवळ भारतातच होती असे नाही. इंग्लंडमध्ये सरकारी नकाशे उत्कृष्ट होते. परंतु त्यांतील माहिती आपल्या कामासाठी वापरावयाची तर भारी मोल द्यावे लागे. २००४ साली लंडन येथील स्टीव्ह कोस्ट या तरुण विद्यार्थ्याच्या मनात एक साधा विचार आला. प्रत्येक माणसाला निदान आपली गल्ली तरी ठाऊक असते. प्रत्येकाने आपापली गल्ली काढली आणि त्या गल्ल्या एकमेकींना जोडल्या, तर साऱ्या जगाचा नकाशा तयार होणार नाही काय? या विचारातून 'ओपनस्ट्रीटमॅप' नावाचा मुक्त नकाशा जन्मास आला.

प्रारंभी लोक खिशात जीपीएस यंत्र ठेवून रस्त्यांवरून चालत अथवा सायकलीने फिरत. आकाशातील उपग्रहांच्या संकेतांवरून हे यंत्र आपले स्थान ओळखते आणि चाललेल्या वाटेची नोंद ठेवते. घरी आल्यावर ती वाट संगणकावरील नकाशात रेखाटावयाची व तिला नाव द्यावयाचे. २००६ सालच्या मे महिन्यात काही स्वयंसेवक इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट या बेटावर सुट्टीच्या दिवसांत एकत्र जमले. त्यांनी रस्ते आपसांत वाटून घेतले, दिवसभर भटकंती केली आणि सायंकाळी एकत्र बसून नकाशा भरला. त्या दोनतीन दिवसांत बेटावरील बहुतेक रस्ते नकाशात आले. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी, की जे परस्परांना केवळ नावाने ओळखत होते ते आता मित्र झाले. तेव्हापासून अशा मेळाव्यांची प्रथाच पडली. आज या नकाशाच्या नोंदणीकृत सभासदांची संख्या एक कोटीच्या वर गेली आहे. अर्थात नाव नोंदविणारे पुष्कळ आणि नेमाने काम करणारे थोडे, हा जगाचा अनुभव येथेही येतो.

या नकाशाचे नियम थोडे, पण पक्के आहेत. तो कोणीही विनामूल्य वापरावा. मात्र तो कोणाच्या श्रमातून तयार झाला त्याचा उल्लेख करावा. त्यातील माहितीत भर घालून ती जगापुढे ठेवावयाची असेल, तर ती भरही इतरांसाठी तशीच खुली ठेवावी. दुसऱ्याच्या नकाशावरून चोरून काही उतरवू नये. जे डोळ्यांनी पाहिले किंवा जे उतरविण्याची परवानगी आहे तेवढेच काढावे. सार्वजनिक विहिरीवर पाणी भरणाऱ्याने विहीर स्वच्छ ठेवावी, तसाच हा प्रकार आहे.

आता केवळ नकाशा मुक्त असून भागत नाही. तो काढण्याची, तपासण्याची आणि त्यावरून गणित करण्याची साधनेही हाताशी असावी लागतात. संगणकाला सूचना देणाऱ्या अशा साधनांना आज्ञावली असे म्हणतात. पुष्कळ आज्ञावल्या विकत घ्याव्या लागतात, आणि त्यांच्या आत काय लिहिले आहे हे ग्राहकाला पाहता येत नाही. याउलट ज्या आज्ञावलीचा मूळ मजकूर साऱ्यांसाठी उघडा असतो, तिला 'मुक्त स्रोत' आज्ञावली असे म्हणतात. वऱ्हाडात रोडगे कसे भाजावेत हे कोणी लपवून ठेवीत नाही. एकीचे पाहून दुसरी शिकते, तिसरी त्यात आपली युक्ती घालते आणि ती युक्ती पुन्हा साऱ्या गावाची होते. मुक्त स्रोताची रीत हीच आहे.

या रीतीचे सामर्थ्य 'ग्रास' नावाच्या आज्ञावलीच्या इतिहासावरून कळून येते. नकाशांचे गणित करण्यासाठी अमेरिकेच्या सैन्याच्या एका प्रयोगशाळेत १९८२ साली तिचे काम सुरू झाले. सुमारे बारातेरा वर्षे ते नेटाने चालले. मग प्रयोगशाळेने त्यातून अंग काढून घेतले. पाठीशी धनी नाही, पैसा नाही. अशा वेळी कोणतेही साधन धूळ खात पडावयाचे. परंतु तिचा मूळ मजकूर साऱ्यांना खुला होता आणि तिच्यावर ज्यांचे काम अवलंबून होते अशी माणसे देशोदेशी विखुरलेली होती. प्रथम अमेरिकेतील एका विद्यापीठाने व नंतर जर्मनीतील मार्कुस नेटेलर यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिचा सांभाळ केला. १९९९ साली ती मुक्त परवान्याखाली आली आणि आज चाळीस वर्षांनंतरही ती कामात आहे. ज्या आज्ञावलीचा मालक एकच असतो ती मालकाबरोबर संपू शकते. जिला समूह सांभाळतो ती टिकते.

दुसरी आज्ञावली 'क्यूजीआयएस' ही होय. २००२ साली अलास्कात राहणाऱ्या गॅरी शर्मन यांनी आपल्या स्वतःच्या सोयीसाठी, नकाशातील माहिती पडद्यावर पाहता यावी एवढ्याच हेतूने, ती लिहावयास घेतली. त्यांनी ती खुली ठेवली. एकाने तिच्यातील दोष कळविला, दुसऱ्याने तो दुरुस्त केला, तिसऱ्याने तिचे आपल्या भाषेत भाषांतर केले. अशा रीतीने वाढत वाढत २००९ साली तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली, आणि आज जगभरची विद्यापीठे व सरकारी कचेऱ्याही ती वापरतात. अशा आज्ञावल्यांना आधार देण्यासाठी २००६ साली 'ओएसजिओ' ही जागतिक संस्थाही स्थापन झाली.

येथे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. कोणी वेतन देत नाही, कोणी हुकूम करीत नाही. तरी इतकी माणसे एकत्र कशी येतात आणि एकत्र कशी राहतात?

याचे उत्तर वऱ्हाडाने फार पूर्वीच पाहिले आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा कोणत्याही गावात शिरले, की प्रथम हातातील खराट्याने रस्ता झाडू लागत. ते कोणाला बोलावीत नसत. एक परका माणूस आपले गाव झाडीत आहे हे पाहून गावकरी लाजत, एकेक जण पुढे येई आणि पाहता पाहता सारे गाव कामाला लागे. रात्री त्याच गावात कीर्तन होई आणि दिवसभर झाडलेल्या रस्त्याबरोबर माणसांची मनेही स्वच्छ होत. समूह वाढविण्याचे मर्म यात आले. प्रथम कोणी तरी स्वतः काम करावे, ते उघड्यावर करावे, आणि येणाऱ्यासाठी खराटा तयार ठेवावा.

मुक्त नकाशाचे समूह ज्या ज्या ठिकाणी रुजले, तेथे हेच घडले. नवा माणूस आला, की त्याला पहिल्याच दिवशी अवघड काम सांगत नाहीत. आपल्या घरासमोरचा रस्ता काढ, आपल्या शाळेचे नाव लिही, एवढेच सांगतात. त्याच्या हातून चूक होणारच. कधी नदीचा रस्ता होतो, तर कधी असलेला रस्ता पुसला जातो. परंतु नकाशात केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद राहते, त्यामुळे चूक परत फिरविता येते. जुन्या माणसाने अशा वेळी नवख्याची थट्टा केली, तर तो पुन्हा येत नाही. समजावून सांगितले, तर वर्षभराने तोच दुसऱ्यास शिकवू लागतो. समूहाचे भवितव्य पुष्कळदा या एका क्षणावर अवलंबून असते.

शिवाय सर्वांनीच संगणकाची भाषा शिकली पाहिजे असे नाही. कोणी चालून माहिती आणतो, कोणी ती तपासतो, कोणी सोप्या भाषेत धडे लिहितो, कोणी मेळाव्यासाठी खोली मिळवितो. भारतातही अशी माणसे आहेत. २०११ साली सुरू झालेल्या 'डाटामीट' या स्वयंसेवकांच्या गटाने जिल्ह्यांच्या व गावांच्या सीमांचे मुक्त नकाशे साऱ्यांसाठी उपलब्ध केले. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारनेही नवे नियम जाहीर केले आणि भारतीय नागरिकांना व संस्थांना पूर्वपरवानगीवाचून नकाशे तयार करण्याची मोकळीक दिली. संवेदनशील स्थळांविषयीचे निर्बंध तेवढे ठेवण्यात आले.

अशा समूहाची खरी कसोटी संकटकाळी लागते. १२ जानेवारी २०१० रोजी हैती या देशात भीषण भूकंप झाला. राजधानीतील इमारती कोसळल्या. मदत घेऊन आलेल्या पथकांना रस्ते कोठे आहेत हेच कळेना, कारण त्या शहराचा चांगला नकाशा उपलब्ध नव्हता. तेव्हा देशोदेशीच्या शेकडो स्वयंसेवकांनी आपापल्या घरी बसून उपग्रहांनी घेतलेल्या छायाचित्रांवरून रस्ते रेखाटले आणि थोड्याच दिवसांत पथकांच्या हाती नकाशा आला. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात भूकंप झाला, तेव्हा परिस्थिती निराळी होती. काठमांडूतील काही तरुणांनी त्यापूर्वीच दोनतीन वर्षे खपून शहरातील शाळा, रुग्णालये व रस्ते नकाशात भरले होते, आणि विद्यार्थ्यांना ते काम शिकविलेही होते. म्हणून संकट आले त्या दिवशी माणसे शोधावी लागली नाहीत. ती तयारच होती. आग लागल्यावर विहीर खणून चालत नाही, हे या दोन भूकंपांनी शिकविले.

दूरदेशीच्या या गोष्टी झाल्या; वऱ्हाडाला या नकाशाचा उपयोग काय? येथे भूकंपाचे भय फारसे नाही, पण पाण्याची चिंता मोठी आहे. सातपुड्यात उगम पावून पश्चिमेकडे वाहणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांचा एक विस्तीर्ण भाग 'खारपाण पट्टा' म्हणून ओळखला जातो. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या बाजूंस काळी कसदार जमीन आहे. परंतु जमिनीखालचे पाणी खारे आहे. विहीर खणली तरी ते पिण्यास चालत नाही आणि पिकास दिले तर जमीन बिघडते. म्हणून आकाशातून पडणारा पाऊस हेच तेथील खरे धन आहे. ते किती आले, किती वाहून गेले आणि किती मुरले, याचा जमाखर्च मांडल्यावाचून गावाला पाण्याची तरतूद करता येत नाही.

हा जमाखर्च मांडण्याच्या कामी मुक्त आज्ञावली उपयोगी पडली. राज्य शासनाच्या 'नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पा'त विदर्भ व मराठवाडा या भागांतील हजारो गावे घेण्यात आली व खारपाण पट्ट्यातील गावांचाही त्यांत समावेश झाला. या प्रकल्पासाठी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने पाण्याचा ताळेबंद मांडणारी एक जोड-आज्ञावली तयार केली, आणि ती बसविली क्यूजीआयएसमध्ये. जमीन कोणत्या जातीची आहे, तिला उतार किती, तिच्यावर पीक कोणते आणि पाऊस किती पडला, हे नकाशावरून घेऊन ती हिशेब करते. कापसाला केव्हा पाणी कमी पडेल आणि किती पाणी नाल्यांतून वाहून जाईल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. अलास्कातील एका माणसाने स्वतःच्या सोयीसाठी लिहावयास घेतलेले साधन पूर्णेच्या काठी शेतकऱ्याच्या कामी आले. ते खुले ठेवले होते म्हणूनच हे घडले.

तथापि अशा हिशेबात जी माहिती भरावी तीवरच उत्तर अवलंबून असते. उपग्रहाला आकाशातून शेततळे दिसते. त्यात उन्हाळ्यात पाणी उरते की नाही, हे एका चित्रावरून कळत नाही. विहीर दिसली तरी तिचे पाणी गोडे की खारे, हे दिसत नाही. पांदण दिसते, ती आषाढात बैलगाडीला चालते की नाही, हे गावालाच ठाऊक असते. नावांचीही गोष्ट तशीच आहे. 'टाकळी' हे नाव रोमन लिपीत लिहिले, की त्यातील 'ट' आणि 'त' यांत किंवा 'ळ' आणि 'ल' यांत भेद राहत नाही. मेळघाटातील कोरकू वस्त्यांची नावे तर परक्या लेखकाच्या कानाला जशी वाटली तशी कागदावर उतरली. मुक्त नकाशात एकाच गावाचे नाव निरनिराळ्या भाषांत लिहिता येते. ते शुद्ध लिहिण्याचा पहिला अधिकार, आणि पहिले कर्तव्यही, त्या गावच्या माणसांचेच आहे.

समजा, पूर्णेच्या काठच्या एखाद्या शाळेतील विद्यार्थ्यांनी हे काम मनावर घेतले. शिक्षकांनी वर्गाच्या चार तुकड्या केल्या. एक तुकडी पांदणींवरून फिरली, दुसरीने विहिरी व हातपंप पाहिले, तिसरी म्हाताऱ्या माणसांना नाल्यांची व शिवारांची नावे विचारीत हिंडली, चौथीने सारे तपासून नकाशात भरले. पहिल्या दिवशी फार काही होणार नाही. परंतु पुढल्या वर्षी हेच विद्यार्थी खालच्या वर्गाला शिकवतील, त्याच्या पुढल्या वर्षी शेजारच्या गावची शाळा ते काम पाहावयास येईल. समूह असाच वाढतो.

या कामात विवेक मात्र सोडता कामा नये. ऐकीव गोष्ट खरी मानून नकाशात घालू नये. कोणाच्या घरात कोण राहते, कोणापाशी काय आहे, अशी खासगी माहिती त्यात लिहू नये. मुक्त नकाशा हा जमिनीच्या मालकीचा पुरावा नव्हे. त्यासाठी सातबारा व सरकारी मोजणी आहे. तो वाट दाखविण्यासाठी, पाणी शोधण्यासाठी आणि संकटात धावून जाण्यासाठी आहे.

दोनशे वर्षांपूर्वी अर्ध्या टनाचे यंत्र वाहून नेत काही माणसांनी या भूमीचा सांगाडा रेखाटला. त्यांना डोंगरांचे कोन घेता आले. निंबाचे झाड आणि गोड्या पाण्याची विहीर मात्र त्यांच्या नकाशात मावली नाही. ते काम मागे राहिलेल्यांचे आहे. पारावरचा म्हातारा आजही काठी उचलून वाट दाखवीत आहे. त्याच्याजवळ बसून, त्याचे बोलणे नीट ऐकून घेऊन, ते साऱ्यांच्या नकाशात लिहून ठेवणारे हात तेवढे हवे आहेत.

शब्दार्थ
पांदण (वऱ्हाडी बोलीत पांधन) – शेताशेतांमधून जाणारी गाडीवाट. सरका – सरळ. शाश्वती – खात्री. खलाशी – येथे अर्थ, सर्वेक्षणातील सामान वाहणारा व खुणा धरणारा मजूर. आज्ञावली – संगणकाने करावयाच्या कामाच्या सूचनांचा संच. खपणे – कष्ट करणे. ताळेबंद – जमा व खर्च यांचा मेळ. शिवार – गावाभोवतालची शेतजमीन. रोडगे – गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे. विवेक – बरेवाईट ओळखण्याची बुद्धी.

स्वाध्याय
१. पुढील प्रश्नांची दोनतीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) वृद्ध शेतकऱ्याच्या दोनचार वाक्यांत नकाशा सामावलेला असतो, असे का म्हटले आहे?
(आ) जुन्या नकाशांत कोणत्या दोन उणिवा राहिल्या?
(इ) सैन्याच्या प्रयोगशाळेने काम सोडल्यावरही 'ग्रास' ही आज्ञावली का टिकली?
(ई) हैती व नेपाळ येथील भूकंपांच्या वेळी नकाशाच्या बाबतीत कोणता फरक होता?
२. 'येणाऱ्यासाठी खराटा तयार ठेवावा' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करून तो नकाशाच्या कामास कसा लागू पडतो ते सांगा.
३. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा : आवाक्यात असणे, अंग काढून घेणे, धूळ खात पडणे, मनावर घेणे.
४. पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा : परका, गोडे, मुक्त, अवघड.
५. उपक्रम : आपल्या गावातील किंवा मोहल्ल्यातील वयोवृद्ध माणसांना विचारून जुन्या वाटा, विहिरी, नाले व शिवारे यांची नावे गोळा करा. ती शुद्ध मराठीत लिहून वर्गात एक मोठा नकाशा तयार करा. घेतलेल्या प्रत्येक नावापुढे ते कोणाकडून कळले याची नोंद करण्यास विसरू नका.